एक्स्चेंजच्या आधी पेढा नाही

परवा ऑफिसात एक जोडपं आलं. पुण्याहून नुकतंच आलेलं, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी. इथे त्याला नुकतंच म्हणतात. नवऱ्याने माझ्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि म्हणाला, "ताई, घर झालं! ऑफर ॲक्सेप्ट झाली." मी झाकण उघडलंसुद्धा नाही. बॉक्स त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "हे घरी न्या आणि फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये नाही, फ्रीझरमध्ये." दोघांचे चेहरे एवढेसे झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आवाज माझा असला तरी बोलल्या त्या कुमुदताई.

कुमुदताई प्रधान आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या कन्व्हेयन्सर. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या मुख्य रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मी नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून या देशात आले, घरात बसून कंटाळले आणि इथे फाइली लावायला लागले. कुमुदताईंनी मला हाताला धरून हा धंदा शिकवला, परीक्षेला बसवलं, आणि पास झाले तेव्हा म्हणाल्या, "छान. आता विसर सगळं आणि क्लायंटशी बोलायला शीक."

त्या तेव्हा साठीच्या पुढे होत्या. ठेंगण्या, पांढरे केस मानेवर कापलेले, काळी पँट, कोपरावर विरलेलं कार्डिगन आणि कपाळावर ठसठशीत टिकली. इंग्रज क्लायंट त्यांना मिसेस पी म्हणत आणि घाबरत. मराठी क्लायंट कुमुदताई म्हणत आणि जास्त घाबरत.

कन्व्हेयन्सर घरखरेदीचे कायदेशीर कागद करतो, पण म्हणजे काय, हे आमच्या लोकांना पटकन कळत नाही. घर दाखवतो तो एजंट, कर्ज देते ती बँक, भिंतीतली ओल शोधतो तो सर्व्हेअर, आणि या सगळ्यांचं नक्की काय चाललंय म्हणून ज्याचा जीव खायचा असतो तो कन्व्हेयन्सर. "मग सॉलिसिटर आणि तुम्ही यात फरक काय?" असं एकाने विचारलं होतं. कुमुदताई म्हणाल्या, "सॉलिसिटर तुमचा डिव्होर्सपण करून देतो, मी फक्त घर करते. पण घर घेताना नवरा-बायकोंचं जे होतं ते बघून वाटतं, दोन्ही शिकले असते तर बरं झालं असतं."

या धंद्यात एक्स्चेंज, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत प्रत्येक पत्रावर 'सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट' लिहायची पद्धत आहे. म्हणजे आम्ही हे बोलतोय खरं, पण अजून काही पक्कं नाही. कुमुदताईंच्या हाडामांसात ते मुरलं होतं. "उद्या डबा आणते तुझ्यासाठी, सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट." त्यांच्या मुलीने, इराने, लग्न ठरल्याचा फोन केला तेव्हा मी समोरच होते. कुमुदताईंचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "अभिनंदन बाळा, सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट."

पेढ्यांचा नियम मात्र त्यात बसत नव्हता. त्याला तडजोड नव्हती.

"हे बघा," त्या नव्या क्लायंटना समोर बसवून सांगायच्या, "ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे काय झालं? कांदेपोहे झाले. मुलगी पसंत आहे, मुलगा बरा आहे, एवढंच. उद्या त्यांना अमेरिकेतलं स्थळ सांगून आलं तर तुम्हाला ओळख दाखवणार नाहीत. आता आपण चौकशा करायच्या. नोकरी खरी आहे का, घरात काही दुखणं आहे का, कुणाशी भांडण आहे का. त्याला इथे सर्चेस म्हणतात. कौन्सिलला विचारायचं, पाणीवाल्यांना विचारायचं, पूर येतो का बघायचं, जवळच्या चर्चचं छप्पर गळलं तर त्याचा खर्च तुमच्या डोक्यावर येतो का तेही बघायचं."

"चर्चचं छप्पर? आमच्या डोक्यावर?"

"काही घरांना असतं तसं. जुना कायदा आहे. तुम्ही सत्यनारायण घातलात म्हणून सुटत नाही. मग एक्स्चेंज. एक्स्चेंज म्हणजे अक्षता पडल्या. आता पळालात तर डिपॉझिट गेलं. आणि कम्प्लीशन म्हणजे माप ओलांडून आत. आता सांगा, पेढे कधी वाटतात? कांदेपोह्यांच्या दिवशी?"

"पण ताई, त्यांनी शब्द दिलाय."

"या देशात लोक रांगेत उभं राहण्याचा शब्द पाळतात. घराचा नाही."

आपल्या लोकांची चूक इथेच होते. तिकडे एकदा टोकन दिलं, नारळ हातात ठेवला, की माणसाला फिरायची लाज वाटते, असं आपण धरून चालतो. इथे 'यस' म्हणणारा माणूस हसतमुखाने चहा पाजतो, मनापासून शुभेच्छा देतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला घर विकतो. त्यात त्याला गैर वाटत नाही, कारण पत्रावर लिहिलेलंच असतं, सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट.

नागपूरचा वानखेडे म्हणून एक सॉफ्टवेअरवाला होता. त्याला हा नियम कुणीतरी आधीच सांगितला होता, म्हणून तो पळवाट शोधून आला. "ताई, पेढे नाहीत, संत्रा बर्फी आहे."

"पेढ्यात बर्फी इन्क्लुडेड आहे," कुमुदताई म्हणाल्या आणि बॉक्स परत केला.

वानखेडेने तो नेला आणि त्याच्या अख्ख्या ऑफिसात वाटला. भाड्याच्या घराची नोटीस दिली. आईला नागपूरहून बोलावून घेतलं, आणि त्या माउली वास्तुशांतीचं सगळं सामान, अगदी विड्याच्या पानांसकट, घेऊन विमानात बसल्या. त्या उतरल्या त्याच दिवशी घर विकणाऱ्या बाईंनी जास्त पैसे देणाऱ्याला हो म्हटलं. वानखेडे आमच्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसला. मला वाटलं, आता कुमुदताई त्याला सोलून काढणार. त्यांनी खालच्या दुकानातून चहा मागवला आणि म्हणाल्या, "बर्फी उरलीय का रे थोडी?"

"कारमध्ये आहे एक बॉक्स."

"आण वर. आपण तिघं खाऊ. वाईट वाटत असताना गोड खायला एक्स्चेंज लागत नाही."

त्या दिवशी त्यांनी त्याला मधुकाकांची गोष्ट सांगितली. मधुकाका म्हणजे कुमुदताईंचे यजमान. रेल्वेच्या पुलांचे इंजिनियर. ही दोघं नवीन असताना त्यांची पहिली ऑफर ॲक्सेप्ट झाली, तेव्हा मधुकाकांनी त्याच संध्याकाळी पेढे आणले आणि ऑफिसातल्या गोऱ्या साहेबापासून दारावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना खाऊ घातले. घर गेलं. पुढे वर्षभर जो तो त्यांना विचारायचा, "मधू, हाउ इज द न्यू हाउस?" कुमुदताई तेव्हा बँकेत काउंटरवर होत्या. "मला एवढा राग आला," त्या म्हणाल्या, "की म्हटलं, या लोकांचा कायदा आहे तरी काय, ते शिकतेच." म्हणजे एक बाई एका पुड्यापायी कन्व्हेयन्सर झाली. मधुकाका मात्र सुधारले नाहीत. पुढची सगळी वर्षं कुठलीही चांगली बातमी नुसती वाऱ्यावर ऐकू आली तरी ते आधी पेढे आणत आणि कुमुदताई ते फ्रीझरमध्ये टाकत. त्यांच्या फ्रीझरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीखाली कायम एखादी बातमी गोठलेली असे.

वानखेडेला पुढे दुसरं घर मिळालं, पहिल्यापेक्षा बरं. एक्स्चेंज होईपर्यंत त्याने ते आईलासुद्धा सांगितलं नाही.

कुमुदताईंना दुसरा राग होता तो "काही कळलं का?" या प्रश्नाचा. रोज सकाळी क्लायंटचे फोन सुरू व्हायचे, काही कळलं का? कुमुदताई शांतपणे सांगायच्या, "कळलं की मी फोन करीन. नाही कळलं, तर फोन करून काय सांगू? नाही कळलं म्हणून?" ग्लासगोच्या एका डॉक्टरांना स्टॅनमोरमध्ये घर घ्यायचं होतं. ते दोन ऑपरेशनांच्या मध्ये फोन करायचे, आणि त्यांची एकच तक्रार असायची, की स्कॉटलंडमध्ये ही कामं किती लवकर पक्की होतात. कुमुदताई एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, तिकडचा कायदा वेगळा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तुमच्या पेशंटचे नातेवाईक ऑपरेशन चालू असताना आत येऊन विचारतात का हो, काही कळलं का?" डॉक्टरांनी त्यानंतर फोन केला नाही. त्यांच्या बायकोने करायला सुरुवात केली.

आणि याच डॉक्टरांना घर विकणारे निघाले आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार. दोघांनी मिळून ठरवलं, की दोघांचंही काम कुमुदताईंनीच करावं. "आपलीच माणसं आहेत ताई, कशाला दोन-दोन वकील?" कुमुदताई म्हणाल्या, "आपलीच माणसं आहेत म्हणूनच. परक्यांचं भांडण कोर्टात जातं, आपल्यांचं गणपतीत येतं." खजिनदारांना दुसऱ्या फर्ममध्ये जावं लागलं. त्या वर्षी मंडळाच्या महाप्रसादात कुमुदताईंच्या पानात मोदक एकच पडला, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यांच्या टेबलाच्या खणात मात्र कायद्याच्या पुस्तकाला चिकटून पंचांग असायचं. कारण आमच्याकडे येणारे निम्मे लोक कम्प्लीशनची तारीख गुरुजींना विचारून येतात. मेडनहेडला घर घेणारे एक कुलकर्णी होते. त्यांच्या घराला पाच घरांची साखळी होती. म्हणजे याने घर सोडायचं तेव्हा त्याने शिरायचं, त्याने सोडायचं तेव्हा तिसऱ्याने. पाचही घरांना, पाच बँकांना आणि पाच टेम्पोवाल्यांना चालणारा दिवस महाप्रयासाने ठरला, आणि तो निघाला अमावास्येचा शुक्रवार. कुलकर्णींच्या आई म्हणाल्या, मी पाऊल ठेवणार नाही.

"ठेवू नका," कुमुदताई फोनवर म्हणाल्या. "कम्प्लीशन म्हणजे पैसे पोचले आणि किल्ली मिळाली. आत जायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. किल्ली घ्या, दार उघडा, सामान जाऊ दे. तुम्ही रविवारी प्रवेश करा."

तसंच झालं. अमावास्येला कुलकर्णींचं सगळं कुटुंब फुटपाथवर उभं राहिलं आणि सामान वाहणारे दोन दणकट इंग्रज आत-बाहेर करत राहिले. आई बाहेरून ओरडून सांगत होत्या, "फ्रिज लेफ्टला! देवाचा बॉक्स खाली नको, वर ठेवा, वर!" शेवटी त्यातल्या एकाने बिचाऱ्याने विचारलं, की घरात काही आहे का, तुम्ही कुणी आत का येत नाही? कुलकर्णींनी "मून प्रॉब्लेम" असं उत्तर दिलं. समोरच्या घरातल्या बाई सहानुभूतीने केक घेऊन आल्या आणि तो फुटपाथवरच कापला गेला. गृहप्रवेशाच्या आधी शेजार झाला असं ते एकच घर.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कुमुदताईंनी स्वतःचं घर विकायला काढलं.

मधुकाकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कुमुदताईंचे गुडघे जिन्याला दाद देईनात. इरा मेडनहेडला राहायची. तिच्या गल्लीतच एक बैठं घर विकायला निघालं. इराचा मला फोन आला. ती इथेच जन्मली आणि वाढली, मराठी बोलते ती आईच्या धाकाने. "मेघना, प्लीज तू सांग ना आईला. तिची गुडघा स्टेअर्ससाठी नाही आता. ती ऐकतच नाही. माझा आई टोटली स्टबर्न आहे."

कुमुदताईंनी शेवटी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. "माझं काम तू करायचं. स्वतःचं घर स्वतः करू नये. हात थरथरतो."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. आमची टेबलं समोरासमोर. तरी त्या फोन करायच्या, कारण "मी आत्ता क्लायंट आहे." समोर बसून, माझ्याकडे बघत, रिसीव्हर कानाला लावून विचारायच्या, "काय गं, काही कळलं का?" मी म्हणायची, "कळलं की मी फोन करीन, ताई." मग त्या रागावून रिसीव्हर आपटायच्या आणि तो आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू यायचा.

घर बघायला पुष्कळ लोक आले. ठरलं ते हॅना आणि टॉमचं. ती शाळेत शिकवायची, तो हॉस्पिटलात नर्स होता. दोघं घर बघायला आली तेव्हा हॅना पुढच्या खोलीत आली, समोरचं बघून थांबली आणि काही न विचारता त्यावर जाऊन बसली.

तो मधुकाकांचा झोपाळा. शिसवी फळी, पितळी कड्या, आठ माणसं मावतील एवढा. इरा लहान असताना मधुकाकांनी एका रविवारी दोन मित्रांना बोलावलं, पुढच्या खोलीचं छत फोडलं, आत लोखंडी तुळई घातली, छत बुजवलं आणि झोपाळा टांगला. गणपतीत त्याच्यावर अख्खी आरती बसायची. मधुकाका गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते त्याच्यावरच बसून चहा प्याले होते.

हॅनाच्या कन्व्हेयन्सरने पत्र पाठवून विचारलं, झोपाळा घराबरोबर मिळेल का? कुमुदताई म्हणाल्या, "नाही. लिही, सेलर टेकिंग." मी म्हटलं, ताई, मेडनहेडच्या बैठ्या घराचं छत बघितलंत का, त्याला पंखासुद्धा झेपायचा नाही. "तू माझी कन्व्हेयन्सर आहेस," त्या म्हणाल्या, "सुतार नाहीस."

पण खरा घोटाळा पुढे झाला. घर विकणाऱ्याला, तुम्ही घरात काय काय बदल केले, असं विचारतात. शेकडो लोकांना कुमुदताईंनी बजावलं होतं, लपवायचं नाही. त्यांनी लपवलं नाही. तुळईचं लिहिलं. लगेच पलीकडून विचारणा आली, की या तुळईला कौन्सिलच्या बिल्डिंग खात्याचं सर्टिफिकेट असेल, ते पाठवा.

सर्टिफिकेट नव्हतं. परवानगी न घेता किचन वाढवणाऱ्या, भिंत पाडणाऱ्या, पोटमाळ्यात खोली काढणाऱ्या किती जणांना कुमुदताईंनी आमच्या ऑफिसात उभं-आडवं झापलं होतं, ते मी ऐकलेलं होतं. मी फाइलीत डोकं घातलं. त्याच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं गं त्याला. तर म्हणाला, झोपाळा टांगायला कुणी म्युनिसिपालटीला विचारतं का?"

खरं तर यावर सोपा तोडगा असतो. एक छोटा विमा काढायचा. परवानगी नव्हती म्हणून पुढे कौन्सिलने काही काढलंच, तर खर्च विमा कंपनीचा. अट एकच, की कौन्सिलला त्यातलं काही कळलेलं नसावं. एकदा त्यांच्या कानावर गेलं की कुणी विमा देत नाही. "झोपलेल्या कौन्सिलला उठवायचं नाही," हे मला कुमुदताईंनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी विम्याचे कागद तयार केले, हॅनाची बाजू त्याला राजी झाली, आणि सही घ्यायची तेवढी राहिली.

तेवढ्यात मला कौन्सिलकडून ईमेल आली. मिसेस प्रधान यांच्या फोननुसार आमचा इन्स्पेक्टर तुळई बघायला येत आहे, कृपया छत उघडून ठेवावे.

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. "ताई, तुम्ही कौन्सिलला फोन केलात?"

"केला."

"तुम्ही? तुम्ही फोन केलात?"

"ओरडू नकोस, ऑफिस आहे."

"अहो, आता विमा मिळणार नाही! इन्स्पेक्टर नाही म्हणाला तर तुळई काढावी लागेल. हॅनाच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत संपत आलीय, मेडनहेडवाले रोज विचारतायत. सगळी साखळी तुटेल. इराला काय सांगू मी?"

कुमुदताईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "मेघना, विमा म्हणजे काय गं? काम चुकलेलं असेल, पण कुणी बघणार नाही. असंच ना? चाळीस वर्षं पूल बांधले त्याने. त्याच्या पुलांवरून लोक रोज कामाला जातात. त्याचं शेवटचं काम मी विम्याखाली झाकून विकायचं? नाही जमलं मला. बघू दे त्यांना. चूक असेल तर चूक म्हणू देत."

मला रडूही येत होतं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता. क्लायंटविषयी या दोन्ही गोष्टी एकदम वाटणं धंद्याला चांगलं नाही.

इन्स्पेक्टर आला त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. छताला चौकोनी भोक पाडलेलं, खाली झोपाळ्यावर चादर घातलेली. इन्स्पेक्टर म्हणजे एक भलाथोरला, लाल गालांचा माणूस. त्याने आल्याआल्या विचारलं, की यावर एका वेळी किती जण बसतात?

"दोन," मी घाईने म्हटलं.

"आठ," कुमुदताई म्हणाल्या. "ॲट गणपती."

त्याने मान हलवली, शिडी लावली, टॉर्च घेतला आणि छातीपर्यंत छतात गेला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. कुमुदताई खुर्चीत बसून कार्डिगनचं बटण पिरगाळत होत्या. ते तुटलं आणि कोचाखाली गेलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग वरून हसण्याचा आवाज आला. इन्स्पेक्टर खाली उतरला, केसांतली धूळ झटकली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मिसेस प्रधान, इथून एखादी ट्रेन जाणार होती का?"

"व्हॉट?"

तो म्हणाला, ही तुळई झोपाळ्याची नाही. हिच्यावर आठ माणसं काय, मी आलो ती व्हॅन टांगली तरी ती हू की चू करणार नाही. दोन्ही टोकांना भिंतीत असं काम केलंय, की घर पडलं तरी झोपाळा राहील. ज्याने घातली त्याला माझा सलाम सांगा.

कुमुदताई आधी हसल्या. खूप हसल्या. "मला म्हणाला होता, छोटीशी आहे," त्या मला म्हणाल्या, "छोटीशी आहे गं म्हणाला होता मला," आणि मग त्यांना रडू आवरेना. मधुकाका गेले तेव्हा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. इन्स्पेक्टर गडबडला आणि त्याने विचारलं, मी काही चुकीचं बोललो का? मी म्हटलं, नाही, तुम्ही सर्टिफिकेट द्या फक्त.

सर्टिफिकेट आलं. साखळी कशीबशी टिकली. ज्या दिवशी एक्स्चेंज करायचं होतं त्या सकाळी कुमुदताईंनी समोरून फोन केला. मी म्हटलं, "अजून काही कळलं नाही, ताई."

"ते नाही विचारत. ते झोपाळ्याचं बदल. लिही, इन्क्लुडेड."

"नक्की?"

"त्याने तो त्या घराला घातलाय. मी तो नेऊन ठेवू कुठे, बागेत? त्यावर सर्टिफिकेटची कॉपीपण लावून दे."

एक्स्चेंज झालं. मी खणातून पेढ्यांचा बॉक्स काढला आणि उघडून त्यांच्यासमोर धरला. आता तर नियमातही बसत होतं. कुमुदताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "कम्प्लीशनला. माझ्याच बाबतीत काय सांगावं?"

कम्प्लीशनच्या दिवसाचा विकणाऱ्यांसाठी त्यांचा नियम होता: दुपारच्या आधी घराबाहेर पडायचं, किल्ल्या एजंटकडे द्यायच्या, मागे वळून बघायचं नाही. पैसे पोचल्यावरही आत राहिलेला माणूस म्हणजे लग्न झाल्यावर मांडवात घुटमळणारा नाकारलेला मुलगा, असं त्या म्हणत. पैसे पोचले. मी फोन केला. "ताई, झालं. कम्प्लीट. कुठे पोचलात?"

पलीकडून कड्यांचा आवाज आला. कर्र. कुर्र.

"ताई, तुम्ही घरात आहात?"

"किल्ल्या दिल्या एजंटला सकाळीच," त्या म्हणाल्या. "दार नुसतं ओढून घ्यायचं राहिलंय."

घर ऑफिसपासून लांब नाही. मी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि निघाले. दारासमोर टेम्पो उभा होता. इरा गाडीत बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. हॅना आणि टॉम स्वतःच्या घराच्या फाटकाबाहेर, हातात किल्ल्या घेऊन, पाहुण्यांसारखी अवघडून उभी होती. त्यांना खिडकीतून कुमुदताई झोपाळ्यावर दिसत होत्या, आणि बेल वाजवायचा धीर दोघांनाही होत नव्हता. इंग्रज माणूस स्वतःच्या घरातसुद्धा घुसायला लाजतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी काही करायच्या आत दार उघडलं. कुमुदताई बाहेर आल्या आणि दोघांना आत घेऊन गेल्या. कड्यांना महिन्यातून एकदा खोबरेल तेल लावायचं, फळीवर ओला टॉवेल ठेवायचा नाही, असं बरंच काही सांगितलं. मग बाहेर येऊन, कुणाचा हात न धरता, पायऱ्या उतरल्या आणि गाडीत बसल्या.

मी खिडकीतून बॉक्स पुढे केला.

"पैसे पोचल्याचं कन्फर्मेशन आहे ना?"

"आहे."

"त्यांच्याकडूनपण?"

"त्यांच्याकडूनपण, ताई. घ्या आता."

त्यांनी पेढा घेतला आणि अख्खा तोंडात टाकला, लहान मुलं टाकतात तसा. दुसरा घेतला तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. "मधूचा," त्या म्हणाल्या. "त्याला पहिल्यांदाच वेळेवर मिळतोय." इराने गाडी सुरू केली. कुमुदताईंनी मागे वळून बघितलं. आपलाच नियम मोडून, चांगलं मान वळवून बघितलं. पुढच्या खोलीच्या खिडकीत हॅना आणि टॉम झोपाळ्यावर बसले होते, एकमेकांना चिकटून, अगदी कडेला, जपून, पडेल की काय अशा भीतीने.

कुमुदताईंनी काच आणखी खाली केली.

"मेघना, जाऊन सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "नीट मागे सरकून बसा म्हणावं. अजून सहा जण मावतात."